महागडं थ्री वूड घेतलं, पण कोर्सवर बसतच नाही! ठेवू की विकू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ५२, सात वर्षं गोल्फ खेळतोय, हँडिकॅप २२ (म्हणजे ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण बावीस जास्त लागतात), उजव्या हातानं खेळतो. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) चांगला बसला तर हवेतून १९५ यार्ड जातो. चार महिन्यांपूर्वी दुकानातल्या सिम्युलेटरवर एक नवीन थ्री वूड, म्हणजे ड्रायव्हरखालोखाल लांब मारणारा क्लब, मारून पाहिलं, स्क्रीनवर २०९ आले, माझ्या जुन्या ५ वूडपेक्षा तब्बल ३० यार्ड जास्त, आणि तिथल्या तिथे घेऊन टाकलं, स्टिफ म्हणजे कडक शाफ्ट (दांडा) लावून. कोर्सवर मात्र पाचातला एखादाच शॉट धड जातो, बाकीचे टॉप होतात (क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागून बॉल जमिनीवरून पळतो) नाहीतर खालून उजवीकडे पळतात. दुकान परत घ्यायला तयार आहे पण निम्म्या किमतीत. बरोबर खेळणारे म्हणतात, थ्री वूडशिवाय बॅग कसली, प्रॅक्टिस कर, बसेल. जुनं ५ वूड कपाटात पडून आहे. क्लब वाईट आहे की मी? एवढे पैसे घातलेत तर वापरायलाच हवं ना? की तोटा सोसून विकून टाकू?

नमस्कार,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं आणि दोन दिवसांनी परत वाचलं, कारण त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना. "क्लब वाईट आहे की मी?" तुम्ही हे ज्या सुरात लिहिलंय त्यावरून वाटतं की उत्तर तुम्ही मनात देऊन मोकळे झालाय, दोष माझाच, आता फक्त कुणीतरी शिक्का मारायचा बाकी आहे. तो शिक्का मी मारणार नाही. क्लब चांगलाच असणार, आणि जो माणूस सात वर्षं खेळून ड्रायव्हर १९५ यार्ड हवेतून नेतो त्याचा स्विंगही काही टाकाऊ नाही. दोघंही चांगले असून जोडी जमत नाही असं होऊ शकतं की. मला तुमच्या पत्रात तेच दिसतंय, आणि ते का होतंय हे जरा सविस्तर सांगते, म्हणजे पुढचा निर्णय घेताना स्वतःवर राग धरून घेऊ नका.

आधी त्या २०९ कडे बघू, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय. मला सांगा, तो आकडा कॅरीचा होता की टोटल? म्हणजे बॉल हवेतून जाऊन जिथे पडला तिथपर्यंतचा, की पडून घरंगळून थांबला तिथपर्यंतचा? बऱ्याच स्क्रीनवर मोठ्या अक्षरात टोटल दिसतो आणि कॅरी कोपऱ्यात बारीक असतो. तुमचा ड्रायव्हर हवेतून १९५ जातो तर थ्री वूड हवेतून २०९ जाणं मला पटत नाही, तो टोटलच असणार. सॉफ्टवेअरमधला फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) कडक ठेवला की बॉल आणखीनच पळतो. कोर्सवर तसा रोल रोज मिळत नाही, गवत ओलं असेल तर अजिबात नाही, आणि मधे पाणी किंवा बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर टोटलचा उपयोग शून्य. दुसरं म्हणजे तो आकडा सगळ्यात चांगल्या शॉटचा होता की दहा शॉटच्या सरासरीचा? आणि ५ वूडचे जे ३० यार्ड कमी होते ते पण त्याच दिवशी त्याच मशिनवर मारून आलेले, की कोर्सवरच्या आठवणीतले? मला वाटतं आठवणीतले. मग ती तुलनाच धरता येत नाही.

आणि मॅट, म्हणजे दुकानात बॉल ज्यावर ठेवतात ते रबरी गवत. ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही म्हणून मी दरवेळी सांगते. मॅटवर क्लब बॉलच्या एक इंच मागे जरी टेकला तरी सोल, म्हणजे क्लबचा तळ, त्या रबरावरून सरकतो, उडी घेतो आणि बॉलला जाऊन लागतो, शॉट बऱ्यापैकी जातो, आवाजही छान येतो. तोच शॉट गवतावर मारा, सोल मातीत थबकतो आणि बॉल ८० यार्डांवर मरतो. म्हणजे तुमच्या हातून झालेली चूक मॅटनं पोटात घातली, स्क्रीननं चांगला आकडा दाखवला, आणि गवतानं काही लपवलं नाही. दुकानदारानं फसवलं असं मी म्हणत नाहीये. फेअरवे वूडचं खरं काम गवतावर आणि तेही टीशिवाय (बॉल खुंटीवर न ठेवता) असतं, आणि नेमकं तेच त्या खोलीत तपासता येत नाही, एवढंच.

आता लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या फेसचा, बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागे झुकलेला कोन. थ्री वूड म्हणजे साधारण १५ डिग्री, ५ वूड १८ च्या आसपास, ७ वूड २१ च्या. कागदावर ३ डिग्री म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण बॉल गवतावर बसलेला असताना त्याला हवेत चढवायचं काम दोनच गोष्टी करतात, लॉफ्ट आणि वेग, आणि एक कमी असेल तर दुसरी जास्त लागते. पुरुषांच्या व्यावसायिक पीजीए टूरवर थ्री वूड मारताना क्लबहेडचा वेग ताशी १०७ ते ११० मैल असतो, कॅरी २४५ यार्डांच्या जवळपास आणि बॉल ३० यार्ड उंच जातो. टीव्हीवर बघून आपल्याला वाटतं थ्री वूड म्हणजे हे असं. तुमच्या ड्रायव्हरच्या कॅरीवरून तुमचा ड्रायव्हरचा वेग ८८-९० च्या घरात असावा, थ्री वूडचा त्याहून थोडा कमीच. त्या वेगाला १५ डिग्रीचा बॉल अगदी मधोमध लागला तरच नीट चढतो, जरा खाली लागला की खालूनच जातो आणि लवकर पडतो. म्हणून या वेगाच्या खूप लोकांचं थ्री वूड आणि ५ वूड हवेतून जवळजवळ सारखंच जातं. काहींचं तर ५ वूडच पुढे पडतं, लॉन्च मॉनिटरवर (शॉट मोजणाऱ्या मशिनवर) हे दिसलं की लोक मशिनवरच संशय घेतात!

माझं एक सांगणं आहे, पुरुषांची टूर बघताच तर बायकांची एलपीजीए टूरही बघत जा. तिथे थ्री वूडचा सरासरी वेग ९० च्या आसपास आणि कॅरी १९५ च्या जवळ असतो, म्हणजे तुमच्या खूप जवळचं जग आहे ते. आणि त्यांच्या बॅगांमध्ये ५ वूड, ७ वूड, कधी ९ वूडसुद्धा सर्रास दिसतं. जगातल्या उत्तम खेळाडूंना जे वापरायला काही वाटत नाही ते वापरायला आपल्याला संकोच का वाटावा?

इथून तुमच्या मित्रांच्या वाक्याकडे येते. "थ्री वूडशिवाय बॅग कसली." नियम फक्त एवढाच की बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब नकोत. त्यात कुठले असावेत हे कुणीही लिहून ठेवलेलं नाही. गोल्फच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला वूडचा शॉट कुठला विचाराल तर बहुतेक लोक जीन सॅराझेनचं नाव घेतील, १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत १५ व्या होलवर त्यानं साधारण २३५ यार्डांवरून दुसरा शॉट थेट होलमध्ये घातला, अल्बट्रॉस (ठरलेल्यापेक्षा तीन शॉट कमी), आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. तो शॉट ४ वूडनं मारलेला होता. आणि अलीकडचंच घ्या, डस्टिन जॉन्सननं २०२० चं मास्टर्स जिंकलं तेव्हा त्याच्या बॅगेत ७ वूड होतं, आणि तो तर लांब मारण्यासाठीच ओळखला जातो. मित्र तुमच्या भल्यासाठीच बोलतात याबद्दल शंका नाही, पण तुमचा बॉल त्यांना मारायचा नसतो.

आता मूळ मुद्दा, फेअरवे वूडची लायकी ठरवायची कशी. माझ्या मते त्याच्या उत्तम शॉटवरून कधीच ठरवू नये. उत्तम शॉट कुठल्याही क्लबचा लांबच जातो. बघायचं ते मधल्या आणि वाईट शॉटकडे. तुमच्याच पत्रावरून एक अंदाजे हिशोब मांडते. थ्री वूडचे दहा शॉट धरा. दोन छान, १९० चे. चार अर्धवट, १४० चे. चार टॉप, ७० चे. बेरीज १२२०, म्हणजे सरासरी १२२ यार्ड. आता ५ वूड. सहा बरे, १७० चे. तीन अर्धवट, १४० चे. एक टॉप, ८० चा. बेरीज १५२०, सरासरी १५२. दर शॉटमागे ३० यार्ड पुढे, आणि तेही छोट्या क्लबनं! दुकानात जे ३० यार्ड थ्री वूडच्या बाजूनं दिसले ते कोर्सवर असे उलटे फिरतात. हे आकडे माझे आहेत, तुमचे थोडे वेगळे निघतील, म्हणून तुमचे तुम्ही लिहा.

लिहा म्हणजे खरंच लिहा. मी स्वतः बरीच वर्षं थ्री वूड बाळगलं आणि मला मनापासून वाटायचं की ते माझं बऱ्यापैकी बसतं. मग एका सीझनला मी स्कोअरकार्डच्या मागच्या बाजूला प्रत्येक वेळी एक खूण करायला लागले, बसला की बरोबर, नाही बसला की फुली, बस. अकरा राउंडमध्ये टीशिवाय ३४ वेळा मारलं आणि त्यातले बरोबर ७. सात! आणि मला त्यातला एक इतका लख्ख आठवत होता, उतारावरून मारलेला, ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) पुढच्या कडेला जाऊन थांबलेला, की त्या एकापायी बाकीचे सत्तावीस मी विसरून गेले होते. माणसाचं मन असंच चालतं हो, चांगलं तेवढं जपून ठेवतं. तुमच्याही मनात असा एखादा शॉट असणार, नसता तर चार महिने तुम्ही त्या क्लबबरोबर काढलेच नसते.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट करून बघा, खर्च काहीच नाही. पांढऱ्या बोर्डवर लिहायचा मार्कर असतो ना, पुसता येणारा, त्यानं बॉलवर रुपयाएवढा ठिपका काढा, ठिपका फेसच्या बाजूला येईल असा बॉल गवतावर ठेवा आणि मारा. फेसवर शाईचा ठसा उमटतो. पुसायचा, परत मारायचं, दहा-बारा वेळा. तुमचे शॉट खालून उजवीकडे पळतात असं लिहिलंय त्यावरून माझा अंदाज आहे की ठसे फेसच्या खालच्या कडेला, शाफ्टच्या बाजूला, म्हणजे हीलकडे पडत असतील. फेस पूर्ण सपाट नसतो, आडवाही थोडा फुगीर असतो आणि उभाही, त्यामुळे मधोमध सोडून बॉल कुठे लागला त्यावर त्याला वेगळी फिरकी मिळते. खाली लागला तर कमी उंचीवर निघतो आणि स्पिन वाढतो, हीलला लागला तर उजवीकडे वळायची ओढ लागते. दोन्ही एकदम झालं की तुम्ही वर्णन केलाय तोच शॉट. ठसे मधे येत असतील आणि तरी बॉल उजवीकडे जात असेल तर गोष्ट वेगळी, मग फेस उघडा राहतोय आणि ते एखाद्या कोचला दाखवावं लागेल.

शाफ्टबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलाय, स्टिफ, आणि मी तिथे थबकलेच. तुमचा ड्रायव्हरचा शाफ्ट कुठला आहे? रेग्युलर असेल तर थ्री वूडचा स्टिफ का? कुणी मोजून सांगितला की दुकानात तोच लटकत होता? ८८-९० च्या वेगाला स्टिफ आणि जड शाफ्ट साधारणपणे बॉल आणखी खाली ठेवतो आणि फेस वेळेवर बंद होऊ देत नाही. शिवाय थ्री वूडची लांबी ४३ इंच किंवा त्याच्या आसपास, ५ वूड त्याहून अर्धा इंच तरी छोटं, आणि लांबी वाढली की मधोमध लागणं अवघड होतं. कमी लॉफ्ट, जास्त लांबी आणि वर स्टिफ शाफ्ट, नाकापेक्षा मोती जड झालाय तो.

पण याच्यातच एक चांगली बातमी पण आहे. तुम्ही लिहिलंय नवीन मॉडेल आहे, तर बहुतेक त्याच्या हेडला शाफ्टजवळ फिरवायची स्लीव्ह असेल. बरोबर पाना मिळाला असेल, कपाटात किंवा बॅगेच्या खिशात शोधा. स्लीव्ह जास्त लॉफ्टकडे फिरवली की मॉडेलप्रमाणे दीड ते दोन डिग्री वाढतात, म्हणजे तुमचं १५ चं जवळजवळ ४ वूड होतं, आणि त्याचबरोबर फेस थोडा बंद होतो, जे तुमच्यासारख्या उजवीकडे जाणाऱ्याला हवंच आहे. स्क्रू घट्ट करताना पान्यातून कट्ट असा आवाज येतो तिथे थांबायचं, त्यापुढे पिळायचं नाही. आणि हे राउंड सुरू व्हायच्या आधी, राउंडच्या मधे सेटिंग बदलून मारणं नियमात बसत नाही. दुसरं, ग्रिप एक इंच खाली धरा. शाफ्ट कापायला लगेच धावू नका, कापला की हेडचं वजन हाताला वेगळं लागतं आणि परत जोडता येत नाही, शिवाय विकताना किंमत पडते. खाली धरून बघणं फुकट आहे.

आता पैसे. "एवढे पैसे घातलेत तर वापरायलाच हवं ना?" आपल्याकडे म्हणतात ना, पदरी पडलं आणि पवित्र झालं, तसं तुमचं झालंय. पण नीट विचार करा, ते पैसे तुम्ही दुकानात दिले त्या दिवशीच गेले. क्लब बॅगेत ठेवला तरी गेले, विकला तरी गेले. तो दरवेळी काढून टॉप मारल्यानं त्यातली एक दमडीही परत येत नाही, उलट प्रत्येक राउंडला दोन-तीन शॉट जास्तीचे जातात आणि मन खट्टू होतं ते वेगळंच. त्यामुळे "किती दिले" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा, की आज हा क्लब कुणी मला फुकट दिला असता तर पुढच्या रविवारी मी तो ५ वूडच्या जागी बॅगेत घातला असता का? याचं उत्तर जे येईल ते खरं. फक्त एक गोष्ट पैशाच्या बाजूनं लक्षात ठेवायची, कंपन्या वर्षा-दोन वर्षांनी नवीन मॉडेल काढतात आणि ते आलं की जुन्याचा भाव उतरतो, म्हणजे विकायचंच असेल तर वर्षभर रेंगाळू नका. आणि दुकान निम्मी किंमत देतंय तर एखाद्या खेळणाऱ्याला थेट विकून बघा, चार महिन्यांच्या स्वच्छ क्लबला सहसा त्याहून बरी किंमत मिळते.

मग ठेवू की विकू? मी तुमच्या जागी असते तर लगेच विकलं नसतं, पण उद्यापासून गवतावरून मारणं बंद केलं असतं. ५ वूड कपाटातून बाहेर, फेअरवेवरून लांब मारायचं असेल तेव्हा तेच. थ्री वूडची स्लीव्ह वर फिरवायची, एक इंच खाली धरायचं आणि पुढचे चार राउंड ते फक्त टीवरून वापरायचं, जिथे होल अरुंद आहे आणि ड्रायव्हर काढायची भीती वाटते तिथे. टी अगदी कमी, बॉलचा तळ गवताच्या टोकांच्या जरासाच वर, पाव ते अर्धा इंच. टीवरून ते बसायला लागलं, खुणांमध्ये दहातले सहा-सात बरोबर आले, तर त्याला बॅगेत जागा आहे, टीवरचा दुसरा ड्रायव्हर म्हणून, आणि ती जागा काही कमी महत्त्वाची नाही. टीवरूनही नाही बसलं तर विका, आणि त्या पैशात ७ वूड बघा, वापरलेलं सुद्धा चालेल. ५ आणि ७ अशी जोडी तुमच्या वेगाला मला थ्री आणि ५ पेक्षा खूप उपयोगी वाटते, कारण ७ वूडचा बॉल उंच जातो आणि उभा उतरतो, १५० ते १६० च्या टप्प्यात ग्रीनवर पडून थांबायची शक्यता असते, थ्री वूडचा खालून आलेला बॉल तिथे पळूनच जातो.

हायब्रिडचं, म्हणजे वूड आणि आयर्न यांच्या मधल्या क्लबचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीये पण पुष्कळ जण विचारतात. हायब्रिडचा शाफ्ट छोटा, हेड लहान, दाट रफमधून (फेअरवेबाहेरच्या उंच गवतातून) काढायला सोपं. पण सारख्याच लॉफ्टला फेअरवे वूड सहसा जास्त उंच उडतं. फेअरवेवर बॉल चांगला बसलेला असेल आणि उंची हवी असेल तर वूड, रफमध्ये रुतला असेल तर हायब्रिड. तुमचे बॉल जास्त करून कुठे पडतात ते तुम्हालाच माहीत.

ज्यांनी अजून घेतलेलं नाही आणि घ्यायचा विचार करताय त्यांच्यासाठी पण थोडं लिहिते. शक्य असेल तर गवतावर मारून बघा, स्वतःच्या बॉलनं. रेंजचे बॉल झिजलेले असतात, त्यांच्या आकड्यावर जाऊ नका. स्वतःचा जुना क्लब बरोबर न्या आणि आलटून पालटून मारा, दोन नव्यानं, दोन जुन्यानं. आधी जुन्यानं वीस आणि मग नव्यानं वीस असं केलं तर अंग तापल्यामुळे नव्याचंच भलं होतं. थकायच्या आत थांबा. दोन-चार बॉल मुद्दाम रफमध्ये ठेवून मारा. खोलीतच मारावं लागत असेल तर टी काढायला सांगा, आणि टोटल झाकून कॅरी, उंची आणि बॉल खाली उतरतानाचा कोन बघा. कोन ४० च्या पुढे असेल तर ग्रीनवर थांबायची आशा, पस्तीसच्या खाली असेल तर बॉल पळणार. आणि दहा शॉटमधला सगळ्यात चांगला आकडा स्वतःच खोडून टाका, तो नसल्यासारखा धरा, मग जे उरतं त्यावर तुलना करा.

नव्यालाच चिकटून राहायचीही गरज नाही. २०१२ साली टेलरमेडनं रॉकेटबॉल्झ नावाचं वूड १७ यार्ड जास्त जातं अशी जाहिरात करून आणलं, त्याच्या सोलला फेसच्या मागे एक खाच होती, त्यामुळे फेसचा खालचा भाग जास्त दबतो आणि खाली लागलेला बॉलही जोरात निघतो. जाहिरातीतले यार्ड सगळ्यांना मिळाले असं कुणी समजू नये, पण खाच मात्र खरी कामाची होती आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी तसं काही ना काही केलं. म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांतलं कुठलंही बरं वूड या बाबतीत फार मागे नाही, आणि फेस किती स्प्रिंगसारखा दबावा यावर नियमांची मर्यादा आहे, दरवर्षी २० यार्ड वाढत जायला वावच नाही. हेन्रिक स्टेन्सननं एकच थ्री वूड, कॅलवेचं डायब्लो ऑक्टेन टूर, वर्षानुवर्षं बॅगेत ठेवलं, २०१६ चं ब्रिटिश ओपन जिंकलं त्या काळातही तेच होतं, त्याच्या मागून कितीतरी मॉडेलं येऊन गेली. ज्याला हवं ते फुकट मिळतं तो माणूस बदलत नाही, हे मला फार बोलकं वाटतं. वापरलेलं घेताना फेसच्या कडेला बारीक तडा आहे का ते उजेडात तिरकं धरून बघा, हेड कानाजवळ धरून हलवा, आत खुळखुळ वाजत असेल तर आतला गोंद सुटलाय, वरच्या रंगावर फेसजवळ टवके असतील तर ते दिसायला वाईट पण खेळायला चालतात, त्यावर भाव पाडून मागा. आणि शाफ्ट कापलेला नाही ना, हे लांबी मोजूनच खात्री करा.

स्विंगबद्दल मी फार बोलणार नाही, न बघता बोलणं बरोबर नाही. एकच गोष्ट, कारण टॉप मारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात मी ती बघितलीय. १५ डिग्रीचा फेस खाली बघितला की उभा दिसतो, मनाला वाटतं हा बॉल चढणार नाही, मी चढवतो, आणि शेवटच्या क्षणी अंग मागच्या पायावर राहून जातं. तिथेच टॉप. टूरवरचे खेळाडू थ्री वूडनंसुद्धा बॉलवर किंचित खाली येत मारतात, साधारण ३ डिग्री. बॉल पुढच्या पायाच्या टाचेच्या दोन-तीन इंच आत ठेवा आणि बॉलच्या पुढचं गवत घासायचं एवढंच मनात धरा. ५ वूडनं हे सोपं जातं कारण लॉफ्ट डोळ्याला दिसतो, मन घाबरत नाही. ५ वूड तुमचं बसतं यामागे हेही एक कारण असावं.

आणि ते ५ वूड चार महिने कपाटात होतं म्हणजे ग्रिप कडक आणि गुळगुळीत झाली असेल. कोमट पाण्यात थोडा साबण घालून ब्रशनं घासा, रात्रभर वाळू द्या, सकाळी हाताला चिकटली पाहिजे. नाही चिकटली तर रविवारच्या आत बदलून घ्या, आणि चार राउंड झाले की स्कोअरकार्डच्या मागच्या खुणा मला कळवा, दोन्ही क्लबच्या वेगवेगळ्या.